जिमकडे वजनाचा हिशेब मागू नका

प्रश्न : मी ४३ वर्षांची आहे. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ८६ किलो. दिवसभर खुर्चीत बसून काम. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली आहे, वजन कमी करा, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून जिम लावली. पहिल्याच दिवशी ट्रेनरने एवढ्या उठाबशा काढून घेतल्या, की पुढचे तीन दिवस जिना उतरताना रडू येत होतं. त्यानंतर मी फक्त ट्रेडमिलवर चालते, आठवड्यातून पाच दिवस, चाळीस-चाळीस मिनिटं. तीन आठवडे झाले. वजन उतरायचं सोडून ७०० ग्रॅम वाढलंय! चारी बाजूंना आरसे, आजूबाजूला सडपातळ मुली, आणि सगळे माझ्याकडेच बघतायत असं सारखं वाटतं. नवरा म्हणतो, आधी घरीच पाच-सात किलो उतरव, मग जा जिमला. ट्रेनर म्हणतो, पोटाचे वेगळे व्यायाम करा आणि चरबी जाळणाऱ्या म्हणून विकतात त्या फॅट बर्नरच्या गोळ्या सुरू करा. मैत्रीण म्हणते, वजनं उचललीस तर पुरुषासारखी दिसशील. कोणाचं ऐकू? आणि हो, बूट कुठले घेऊ? ट्रेनरने ‘चांगले’ घ्यायला सांगितलेत.

उत्तर : डॉक्टरांचं ऐका, बाकी तिघांचं ऐकू नका. जिम सोडू नका. पण जिमकडे तुम्ही सध्या जे मागताय ते मागणं मात्र सोडा, निदान पहिले तीन महिने तरी.

तुम्ही मागताय वजन. ते जिमने द्यावं अशी तुमची अपेक्षा आहे, आणि ते मिळत नाही म्हणून तुम्हाला वाटतंय की आपलं काहीतरी चुकतंय. जरा आकडेमोड करून बघू. तुमच्या वजनाच्या व्यक्तीने ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चाळीस मिनिटं चाललं, तर साधारण २०० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या पन्नास-साठ तर तुम्ही तेवढा वेळ नुसत्या बसून राहिला असतात तरी गेल्याच असत्या. म्हणजे चालण्याची निव्वळ कमाई १४०-१४५. पाच दिवसांचे सातशेच्या थोडं वर, आणि तीन आठवड्यांचे एकवीस-बावीसशे. आता एक किलो चरबीत साठलेली ऊर्जा असते साधारण ७,७०० कॅलरी. सगळं नेमाने झालं, एकही खाडा पडला नाही, आणि खाणं एका घासानेही वाढलं नाही, असं धरलं तरी तीन आठवड्यांत जाणारी चरबी भरते पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. यात तुमचा काही दोष नाही. चालण्याचा हिशेबच तेवढा आहे.

मशिनच्या पडद्यावर आकडा याहून मोठा दिसला असेल. त्यावर भिस्त ठेवू नका. मनगटावरच्या पट्ट्यांचंही तेच. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी नीट मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत त्यातलं सगळ्यांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. ‘आज ४०० जाळल्या, आता एवढं खायला हरकत नाही’ हा हिशेब इथेच बुडतो.

मग ते ७०० ग्रॅम आले कुठून? बहुतेक सगळं पाणी. नव्याने व्यायाम सुरू केला की स्नायू जास्त ग्लायकोजेन साठवू लागतात, म्हणजे साखरेचा राखीव साठा. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. दुखावलेल्या स्नायूंना सूज येते, तीही पाण्याचीच. पाळीच्या आधीचे दिवस असतील तर आणखी भर. मोठ्या माणसाचं वजन एका दिवसात किलो-दीड किलोने इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. पावणेतीनशे ग्रॅम चरबी गेलेली असली, तरी या पाण्याखाली ती काट्यावर दिसणारच नाही. वाईट एवढंच, की पुष्कळ लोक नेमके याच टप्प्यावर जिम सोडतात.

‘वजन उतरत नसेल तर जिमला जायचंच कशाला,’ असा प्रश्न तुमच्या नवऱ्याच्या मनात असणार. प्रश्न वाजवी आहे. उत्तर तुमच्या साखरेत आहे.

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा उचलायचं काम स्नायू करतात. इन्शुलिनचा हुकूम शरीर नीट मानेनासं झालं की साखर रक्तात रेंगाळते. तुमच्या डॉक्टरांनी ज्याला उंबरठा म्हटलंय तो हाच. गंमत अशी, की आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर आत ओढू शकतो. व्यायाम संपल्यावरही तो एखाद-दोन दिवस इन्शुलिनचं जरा जास्त ऐकतो. हे काट्यावर दिसत नाही, पण होतं, आणि पहिल्या आठवड्यापासून होतं.

दुसरं असं, की नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं, तर उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो. त्यात स्नायूही जातात. चाळिशीनंतर ते तसेही हळूहळू घटतच असतात. नवऱ्याच्या सांगण्याप्रमाणे आधी घरी पाच-सात किलो उतरवले, तर त्यासोबत काही स्नायूही गमावून बसाल आणि मग ते परत मिळवायला जिममध्ये जाल. हा उलटा क्रम झाला. वजन उतरत असताना स्नायूंची राखण करायला जिम हवी. म्हणजे कामाची वाटणी अशी : वजन बघायचं ते खाण्याने, स्नायू बघायचे ते जिमने.

आणि किती वजन उतरवायचंय तेही ऐका, कारण पत्रावरून वाटतं की तुमच्या डोक्यात वीस-पंचवीस किलोंचा डोंगर आहे. अमेरिकेत साखर उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या एका गटाला उद्दिष्ट दिलं होतं वजनाच्या सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. साधारण तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण, नुसती साधी माहिती आणि नकली गोळी मिळालेल्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी कमी होतं. तुमचे सात टक्के म्हणजे सहा किलो. सहा महिन्यांत सहा किलो, आठवड्याला पाव किलोच्या आसपास. हा वेग ऐकून कोणी भारावून जाणार नाही, पण तो शक्य आहे, आणि साखरेला तेवढ्याने फरक पडतो.

आता जिममध्ये करायचं काय. तुमचा सगळा वेळ ट्रेडमिलवर चाललाय, हे मला खटकतं. (ट्रेडमिलचा पूर्वज १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज अभियंत्याने तुरुंगातल्या कैद्यांना राबवायला आणला, हे कळलं तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही.) चालणं वाईट नाही, चालूच ठेवा. पण चालायला जिम लागत नाही. जिममध्ये जे आहे आणि बाहेर नाही ते म्हणजे मोजून वाढवता येणारं वजन, आणि त्याला तर तुम्ही अजून हातच लावलेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा सल्ला आहे, की मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करावा आणि शिवाय किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. पहिला भाग तुमचा पूर्ण होतोय, दुसरा कोरा आहे. तेव्हा पाच दिवसांतले तीन ताकदीला द्या, एकाआड एक. उरलेल्या दोन दिवशी चाला, आणि दीडशे मिनिटं भरायला लागेल तेवढं बाकीचं चालणं जिमबाहेर करा.

त्या तीन दिवशी पाच प्रकार पुरेत. पहिला, पायांनी ढकलणं : लेग प्रेसचं मशिन, किंवा गुडघ्याएवढ्या उंच बाकावर बसून हात न टेकता उठणं. दुसरा, हातांनी पुढे ढकलणं, म्हणजे चेस्ट प्रेस. तिसरा, हातांनी आपल्याकडे ओढणं : बसून करायचं रोइंगचं मशिन किंवा वरचा दांडा छातीपर्यंत ओढायचा लॅट पुलडाउन, यातलं एक. चौथा, कमरेतून वाकून उचलणं. हलके डंबेल हातात, पाठ सरळ, गुडघे किंचित सैल, पार्श्वभाग मागे नेत खाली जायचं आणि वर यायचं. हा नीट शिकून घ्यावा लागतो. ट्रेनरला याच्यासाठी वेळ द्यायला लावा. पाचवा सगळ्यांत सोपा : दोन हातांत दोन वजनं घेऊन ताठ चालत जायचं आणि परत यायचं. दिसायला अगदीच साधा, पण पोट, पाठ, खांदे, पंजे सगळे एकदम कामाला लागतात.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा एकच सेट, म्हणजे न थांबता केलेली एक फेरी. ढकलण्या-ओढण्या-उचलण्याचे दहा ते बारा रेप्स, म्हणजे तीच हालचाल तितक्या वेळा; हातात वजन घेऊन चालायचं अर्धा मिनिट. वजन एवढं घ्यायचं, की बारा झाल्यावर ‘अजून तीन सहज झाले असते’ असं वाटलं पाहिजे. एवढं हलकं? हो, एवढंच हलकं. दुसऱ्या आठवड्यापासून दोन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विसावा. लागोपाठ दोन दिवस दोन्ही सेटमध्ये बारा-बारा नीट झाले, की पुढच्या वेळी मशिनचं वजन ठरवणारी पिन एक घर खाली सरकवायची किंवा डंबेल एक आकडा मोठा घ्यायचा. रेप्स आठ-नऊवर येतील. ते पुन्हा बारावर न्यायचे. थॉमस डेलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने १९४०च्या दशकात जखमी सैनिकांचे पाय असेच, थोडं थोडं वजन वाढवत उभे केले. तेव्हा आजारी माणसाला वजन उचलायला लावणं हा वेडेपणा समजला जायचा. आज जगभरच्या जिममध्ये जे चालतं त्याच्या तळाशी तीच युक्ती आहे.

श्वास रोखू नका. जोर लावताना सोडायचा, परत येताना घ्यायचा. रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी तर हे पाळायलाच हवं.

एक छोटी वही ठेवा, फोनमध्ये नको. फोन उघडला की माणूस दुसरीकडेच जातो. वहीत तारीख, मशिन, पिन कितव्या घरात, खुर्ची कितव्या खाचेत, किती रेप्स. खुर्चीची खाच लिहायला विसरू नका. पहिल्या महिन्यातली अर्धी धांदल ‘परवा मी ही खुर्ची कुठे लावली होती’ यातच जाते. शिवाय ही वही तुमचं खरं प्रगतिपुस्तक आहे. काटा हलणार नाही त्या आठवड्यातही ती हललेली दिसेल. पहिले सहा-आठ आठवडे ताकद भराभर वाढते, आणि ती स्नायू फुगल्यामुळे नसते. सायकल शिकताना पाय तेच असतात, पण एका दिवशी तोल साधतो. तसे इथे मेंदू आणि स्नायू एकमेकांशी जुळवून घेतात. पहिल्या दिवशी वीस किलो ढकलणारे पाय दोन महिन्यांनी चाळीस ढकलू लागले, असं सर्रास घडतं.

आता तुमच्या ट्रेनरबद्दल. त्याला वाईट माणूस ठरवायचं नाही मला. पण गिऱ्हाइकाचे पाय किती दुखले यावर आपली हुशारी मोजणाऱ्या ट्रेनरांची जात आहे, आणि ती काही कमी होत नाही. वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाकडून पहिल्या दिवशी शंभर उठाबशा काढून घेणं म्हणजे शिकवणं नव्हे. दुखणं हे व्यायाम लागू पडल्याचं लक्षणही नव्हे. नव्या हालचालीनंतर एक ते तीन दिवस स्नायू ठणकतात, हे नेहमीचं. थोडं चाललं की ते सैल होतात आणि पुढच्या खेपेला बरेच कमी दुखतात. पण स्नायू सुजून टरारले, हात-पाय हलवता येईनात आणि लघवी कोलासारखी काळपट झाली, तर घरी मालीश करत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अति श्रमाने स्नायूंचे तंतू फुटून त्यातला माल रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांवर येतो. क्वचित होतं, पण होतं ते बहुधा असल्याच पहिल्या दिवसांनंतर. सांध्यात टोचून दुखणं, छातीवर दडपण, भोवळ, या तिन्हींसाठी व्यायाम तिथल्या तिथे थांबवायचा. डॉक्टरांनी साखरेची गोळी सुरू केली असेल किंवा पुढे केली, तर व्यायामाबद्दल त्यांना सांगा. काही गोळ्यांनी व्यायामानंतर साखर एकदम खाली जाऊ शकते.

ट्रेनरशी भांडू नका. त्याला एवढंच सांगा : ‘मला या पाच गोष्टी नीट शिकव. माझी खुर्ची, पिन, पाय कुठे ठेवायचे ते दाखव. वजन मी माझं वाढवेन.’ चांगला असेल तर त्याला आनंदच होईल. तोंड वाकडं केलं तर दुसरा मागून घ्या.

पोटाच्या वेगळ्या व्यायामांनी पोट उतरत नाही. ज्या स्नायूला राबवाल त्याच्यावरचीच चरबी वितळेल, असं शरीर चालत नाही. १९७१ साली काही संशोधकांनी टेनिसपटूंच्या दोन्ही हातांची कातडीखालची चरबी मोजली. खेळणारा हात वर्षानुवर्षं राबलेला, स्नायू जाड झालेला, पण त्याच्यावरच्या चरबीचा थर दुसऱ्या हाताएवढाच निघाला. पोट उतरेल, पण एकूण चरबी उतरेल तेव्हा, आणि आधी कुठून उतरायची ते शरीर ठरवेल. फॅट बर्नरला सरळ नकार द्या. त्यातल्या बहुतेकांत भरपूर कॅफिन आणि तत्सम उत्तेजकं असतात. छाती धडधडते, घाम येतो, झोप उडते, आणि माणसाला वाटतं काहीतरी जळतंय. एके काळी अशा गोळ्यांत सर्रास असणाऱ्या इफेड्रा या वनस्पतिजन्य उत्तेजकावर हृदयविकाराच्या धोक्यामुळे अमेरिकेने २००४ साली बंदीच घातली. जो गोळ्या विकतो त्याच्याकडून गोळ्या घ्याव्यात की नाही हे विचारू नये, एवढं व्यवहारज्ञान पुरे आहे.

मैत्रिणीची भीती मला अधूनमधून पत्रांत भेटते. बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारं संप्रेरक पुरुषापेक्षा कित्येक पटींनी कमी असतं. स्पर्धेत उतरणाऱ्या स्त्रिया वर्षानुवर्षं, दिवसाचे तास देऊन, घास मोजून ते शरीर कमावतात. तुम्ही आठवड्याला तीनदा लेग प्रेस करून चुकून त्यांच्यासारख्या व्हाल, हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे.

आरशांबद्दल मात्र हसण्यावारी नेणार नाही, कारण बाकी सगळं जमूनही लोक यापायी जिम सोडतात. मानसशास्त्रात याच्यावर एक प्रयोग आहे, २००० साली प्रसिद्ध झालेला. कॉलेजच्या मुलांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. किती जणांच्या लक्षात आलं असेल, असं त्यांना विचारलं. त्यांना वाटलं, निम्म्यांच्या तरी. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांना कळलं होतं. जिममध्ये हे प्रमाण आणखी कमी असणार, असा माझा अंदाज, कारण तिथे जो तो आरशात स्वतःलाच बघत असतो. त्या सडपातळ मुली स्वतःच्या दंडाकडे बघतायत, तुमच्याकडे नाही.

पण भीती आकड्यांनी जात नाही, सवयीने जाते. म्हणून थोड्या युक्त्या. गर्दीची वेळ टाळता आली तर टाळा. कोणत्या तासाला जिम रिकामी असते ते काउंटरवर विचारलं की सांगतात. आत शिरल्यावर कुठे जायचं हे वहीत आधीच लिहून ठेवा. माणूस मध्येच उभा राहून इकडेतिकडे बघू लागला की त्याला सगळे आपल्याकडे बघताहेतसं वाटतं. थेट मशिनकडे गेला की वाटत नाही. पहिले काही दिवस कोपऱ्यातलं मशिन निवडा. कपडे सैल हवेत तर सैल घाला, मात्र ओढणी किंवा लोंबती नाडी मशिनमध्ये अडकेल असं काही नको. आणि कोणी खरंच टक लावून बघत असेल किंवा काही बोललं, तर ती तुमची लाज नाही, तक्रार आहे. काउंटरवर सांगा.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही विचारलेलं नाही, पण वजनाची किल्ली तिकडेच आहे. उपाशी राहू नका. रोजच्या खाण्यातून चारशे-पाचशे कॅलरी कमी झाल्या तरी पुष्कळ. त्या शोधायला सुरुवात पेल्यापासून करा : गोड पेयं, साखरेचा चहा-कॉफी, रस. पोट भरत नाही आणि कॅलरी मात्र भरतात. मग ताटात भाज्या वाढवा आणि प्रत्येक जेवणात प्रथिनांचं काहीतरी ठेवा. डाळी, कडधान्यं, दही, पनीर, अंडी, मासे, जे खात असाल ते. मूत्रपिंडाची तक्रार नसेल तर दिवसाला ८० ते १०० ग्रॅम प्रथिनं हे तुमच्यासाठी रास्त लक्ष्य आहे. स्नायू राखायला तीच लागतात. पावडर लागेलच असं नाही. जिममधून आल्यावर ‘आज कष्ट केलेत’ म्हणून जे खाल्लं जातं तेवढं मात्र आठवडाभर लिहून काढा. काही शेरा नको, नुसतं लिहा.

झोपही याच हिशेबात धरा. २०१० सालच्या एका छोट्या अभ्यासात त्याच माणसांना, तेच मोजकं खाणं देऊन, एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास अंथरुणात ठेवलं. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेच्या पंधरवड्यात चरबी निम्म्याहून कमी गेली आणि स्नायूंसारखा ऐवज जास्त गेला. तेव्हा पहाटे जिम गाठायची म्हणून रात्रीची झोप कापू नका. संध्याकाळी जा.

काट्याचं काय करायचं? फेकून देऊ नका, तो खोटं बोलत नाही, फक्त त्याला घाई कळत नाही. आठवड्यातले तीन-चार दिवस सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि त्यांची सरासरी लिहा. एकट्या दिवसाचा आकडा वाचून मन खट्टू करून घ्यायचं नाही. महिन्याची सरासरी मागच्या महिन्याच्या सरासरीशी ताडून बघायची. त्याच दिवशी बेंबीच्या रेषेत टेपने कंबर मोजा. पुष्कळदा काटा अडून बसलेला असतो आणि टेप दोन सेंटिमीटर खाली आलेली असते. आठ आठवडे झाले आणि काट्याची सरासरी आणि टेप दोन्ही जागच्या जागी असतील, तर जिममध्ये जास्त घाम गाळू नका. पुन्हा खाण्याच्या वहीकडे वळा. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी पुन्हा करून घ्या. तो आकडा मला काट्यापेक्षा जास्त बघायचाय.

खाडे पडतील. घरात आजारपण येईल, काम वाढेल, नुसता कंटाळा येईल. सवय एकवीस दिवसांत लागते हे तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. ते खरं नाही. लंडनमधल्या एका अभ्यासात लोकांना नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला १८, तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं : एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडलं नाही. म्हणून बुडालेला दिवस भरून काढायला पुढच्या दिवशी दुप्पट करू नका. जिथे होतात तिथून पुढे चला. आठवडाभर सुटलं असेल तर पिन एक घर वर घ्या आणि पुन्हा सुरू करा. आणि ज्या दिवशी अजिबात जावंसं वाटत नाही त्या दिवशी कपडे बदलून जा, एकच प्रकार करा, परत या. तेही वहीत लिहा.

राहिले बूट. ट्रेनरच्या ‘चांगले’चा अर्थ बहुधा ‘महाग’ असतो. वजनं उचलायला तळ सपाट आणि घट्ट हवा. फार मऊ, गुबगुबीत तळाच्या बुटांत पाय डगमगतो. ट्रेडमिलवर थोडी उशी बरी वाटते. दोन जोड नको असतील तर मध्यम तळाचा, टाच न हलणारा एकच घ्या. संध्याकाळी खरेदी करा, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात, आणि ज्या मोज्यांवर घालणार तेच मोजे घालून बघा. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. तुमच्याकडे चालायचे जुने बूट असतील आणि त्यांचा तळ एका बाजूने झिजला नसेल, तर तेच घालून परवा जा. नवे नंतर बघू.